रामदास बोटीचे दप्तर

सांगलीहून मिरजेस जाणाऱ्या रस्त्यावर, दोन्ही गावांच्या दरम्यान, विश्रामबाग नावाची जी वस्ती गेल्या शंभर वर्षांत वाढत गेली, तिचा समुद्राशी म्हणण्यासारखा संबंध नाही. सरळ रेषेने मोजले तरी कोकणचा किनारा येथून सव्वाशे किलोमीटरांहून दूर, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. त्यामुळे येथल्या माणसाला पाणी ठाऊक ते कृष्णेचे, आणि त्याचे मोजमाप ठाऊक ते आयर्विन पुलापाशी फुटांत होणारे. असे असूनही, विलिंग्डन महाविद्यालयाच्या बाजूने संध्याकाळची फेरी आटोपल्यावर एका बाकावर टेकणाऱ्या आमच्या पाचसहा जणांच्या बैठकीत, आषाढाची अमावास्या जवळ आली की एका बुडालेल्या आगबोटीचा विषय हटकून निघतो; आणि तो निघाला म्हणजे, एरवी भाजीच्या भावाविषयीही ज्यांचे दुमत होत नाही अशा दोन गृहस्थांमध्ये जी जुंपते, ती रस्त्यावरचे दिवे लागले तरी मिटत नाही.

त्यांतले एक आमचे नाना. जन्म अलिबागेकडचा, नोकरीच्या निमित्ताने सांगलीस आले आणि येथलेच होऊन गेले. दुसरे आमचे सर. आयुष्यभर अभियांत्रिकी शिकवलेले, आणि कोणतेही विधान कानांवर आले की त्याला पुरावा मागण्याची खोड निवृत्तीनंतरही न सुटलेले. आणि ती आगबोट म्हणजे ‘रामदास’.

हकीकत थोडक्यात सांगायची तर अशी. 17 जुलै 1947 रोजी, म्हणजे देश स्वतंत्र व्हायला अवघे 29 दिवस उरले असताना, सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाण्यासाठी सुटली. गटारीला घरी पोहोचावे म्हणून निघालेले चाकरमाने, बाजारहाट उरकून परतणारे व्यापारी, रिकाम्या पाट्या घेतलेल्या कोळणी, लेकुरवाळ्या बाया असा सगळा कुलाबा जिल्ह्याचा गोतावळा तिच्यावर होता. प्रवास म्हणजे खाडी ओलांडण्याइतका. पोहोचायला फार तर दीड तास. पाऊस होता, वारा होता, पण आषाढात ते नसते तर लोकांना नवल वाटले असते. मुंबईपासून सुमारे दहा मैलांवर, रेवसच्या अलीकडे काशाचा खडक म्हणून जी जागा आहे तिच्या आसमंतात, उजव्या अंगाने एक प्रचंड लाट आदळली, डेकवर पाणी आले, भयभीत झालेली माणसे डावीकडे धावली, आणि पुढची लाट आली तेव्हा कललेली बोट सावरण्याऐवजी आडवी झाली व पाहता पाहता दिसेनाशी झाली. पावसासाठी डेकवर ताडपत्र्या ओढलेल्या होत्या. त्यांत अडकून कित्येकांना पाण्याबाहेरही येता आले नाही, असे वाचलेल्यांच्या आठवणी सांगतात.

बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. त्यामुळे शेकडो माणसे मुंबईच्या दारात बुडत असताना मुंबईला त्याचा पत्ता नव्हता. वाचलेली माणसे किनाऱ्याला लागली तेव्हा, दिवस कलल्यावर, शहराला ही वार्ता समजली. त्याआधीच जे कोणी वाचले ते रेवसकडच्या कोळ्यांमुळे. मासळीने भरलेले मचवे घेऊन निघालेल्या त्या दर्यावर्दी लोकांनी दिवसाची कमाई समुद्रात लोटून दिली आणि त्या जागी माणसे ओढून घेतली. या एका गोष्टीविषयी आमच्या बैठकीत वाद होत नाही. बाकी सगळ्याविषयी होतो.

पहिला वाद संख्येचा. या दुर्घटनेत मरण पावलेल्यांचा आकडा काही ठिकाणी 625 दिलेला आढळतो, काही ठिकाणी तो 700 च्या घरात जातो. दोन्हींमध्ये पाऊणशे माणसांचे अंतर आहे. पाऊणशे म्हणजे किनाऱ्यावरचे एखादे लहानसे गाव. तेवढे गाव एका कागदावर मेले आणि दुसऱ्यावर मेले नाही, हा काय हिशेब झाला, असा सरांचा बिनतोड सवाल असतो. त्याचे उत्तर शोधू जाता ते तिकिटात सापडते. आगबोटीच्या डेकवरच्या तिकिटावर उतारूचे नाव लिहिण्याची वहिवाट नव्हती. तिकिटे किती फाटली हे कारकुनाला सांगता येई, पण मांडीवरचे मूल, ओळखीने चढलेला सोबती, सुटता सुटता उडी मारून आलेला पोरगा यांची नोंद कोठल्याही वहीत होण्याचा संभव नव्हता. मग मागे राहिलेल्यांनी ‘आमचा माणूस घरी आला नाही’ असे येऊन सांगावे, आणि त्यावरून संख्या ठरावी. ज्याचे सगळे घरच बोटीवर होते, त्याच्या वतीने सांगायला यावे कोणी?

दुसरा वाद कारणाचा आहे, आणि येथे सर खुलतात. बोट जास्त भरली होती म्हणून बुडाली, हे कोणीही चटकन बोलून जातो. परंतु ‘रामदास’ची लांबी 179 फूट, रुंदी 29 फूट, नोंदणीचा आकार 406 टन, आणि तिच्यावर हजाराहून अधिक उतारू बसण्याची सोय होती असे सांगितले जाते, म्हणजे 17 जुलैला ती खच्चून भरलेली असली तरी तिच्या सांगितलेल्या क्षमतेच्या आतच होती. शिवाय 406 टन हे बोटीचे वजन समजून हौशी मंडळी जे गणित मांडतात तेही चुकीचे, कारण आगबोटींच्या नोंदणीतला टन हा वजनाचा नसून पोकळीचा असतो. शंभर घनफूट जागेला एक टन धरतात. तेव्हा प्रश्न किती माणसे होती यापेक्षा ती कोठे होती, आणि त्यांच्या पायांशी पाणी किती होते, असा विचारावा लागतो.

हे समजावून देण्यासाठी सरांनी एकदा आम्हांला घरी नेऊन स्वयंपाकघरातून एक तांब्या आणि एक कणीक मळायची परात मागवली. तांब्यात पाणी घालून तो थोडा कलता केला. पाणी जरासे हलले आणि थांबले. तेच पाणी परातीत ओतून परात दोन्ही हातांवर धरायला त्यांनी नानांना सांगितले. नानांनी एक कड अंगठाभर खाली केली मात्र, सगळे पाणी त्या कडेला धावले, त्याच्या भाराने ती कड आणखी खाली गेली, आणि नानांचे धोतर भिजले. “पाणी तेवढेच होते की नाही, नाना?” सर म्हणाले. “फरक एवढाच, की तांब्यात त्याला पळायला जागा नव्हती.” बोटीचे असेच असते. ती कलली म्हणजे पाण्याचा वर लोटणारा जोर कललेल्या बाजूकडे सरकतो आणि तिला पुन्हा उभी करतो. तिचा भारमध्य जितका खाली, तितका हा गुण अधिक. परंतु सपाट, रुंद डेकवर पाणी साचले की ते परातीतल्याप्रमाणे खालच्या कडेला धावते आणि बोटीच्या सावरण्याच्या शक्तीतूनच वजावट करू लागते. त्यात पाचशे माणसे एकदम एका बाजूस गेली, आणि माणशी पन्नास किलो धरले, तर तो पंचवीस टनांचा भार एका क्षणात सरकतो. माणसांच्या धावण्याला दोष देता येत नाही. ज्या बाजूने लाट येते तिच्याकडे पाठ करून पळणे हा देहाचा धर्म आहे. पण त्या धर्माचा जमाखर्च बोटीला द्यावा लागतो.

अशी घटना केवळ खवळलेल्या समुद्रातच घडते असेही नाही. 24 जुलै 1915 रोजी अमेरिकेत शिकागो नदीवर ‘ईस्टलँड’ नावाची आगबोट, धक्क्याला दोर बांधलेला असताना, कारखान्यातल्या कामगारांची सहल घेऊन निघायच्या बेतात होती. तेथे ती एका अंगावर पडली आणि 844 माणसे, काठावरचे लोक पाहत असताना, जेमतेम वीस फूट पाण्यात मेली. लाट नव्हती, वारा नव्हता, खडक नव्हता. तिच्या वरच्या मजल्यांवर आधीच भार फार होता, आणि ‘टायटॅनिक’च्या अनुभवानंतर सुरक्षिततेसाठी म्हणून चढवलेल्या जादा होड्यांनी तो आणखी वाढवला. मग माणसे इकडून तिकडे झाली, एवढे निमित्त पुरले. एका अपघातावर योजलेला उपाय दुसऱ्या अपघाताच्या कारणांत जाऊन बसावा, यासारखा बोधप्रद आणि विषण्ण करणारा योगायोग आगबोटींच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

‘टायटॅनिक’चे नाव निघाले म्हणजे सर थोडे हेव्याने बोलतात, आणि तो हेवा बोटीचा नसून दप्तराचा असतो. 1912 च्या एप्रिलात ती बुडाल्यावर अमेरिकेच्या सिनेटने एक आणि लॉर्ड मर्सी यांच्या अध्यक्षतेखाली इंग्लंडने दुसरी, अशा दोन चौकशा केल्या. इंग्लंडच्या चौकशीत 97 साक्षीदारांना 25,000 हून अधिक प्रश्न विचारले गेले आणि प्रश्नोत्तरे शब्दशः छापली गेली. प्रेते शोधण्यासाठी हॅलिफॅक्सहून गेलेल्या ‘मॅके-बेनेट’ या जहाजाने 306 देह वर काढले, तेव्हा प्रत्येकाला क्रमांक दिला गेला, आणि खिशात सापडलेले घड्याळ, चावी, पत्र यांची क्रमांकवार यादी झाली. एवढा कागद असल्यावर वाद मिटले असतील असे वाटेल. तसे मुळीच झाले नाही. मृतांची संख्या सिनेटने 1,517 धरली, मर्सी यांनी 1,490, आणि इंग्लंडच्या व्यापार खात्याच्या नावावर 1,503 हा तिसराच आकडा चालतो.

तरी या वादाला एक गती आहे. बोट बुडताना दुभंगली, असे जॅक थेयर नावाच्या सतरा वर्षांच्या मुलासह अनेकांनी सांगितले होते. ती अखंड बुडाली, असे बोटीवरचे वाचलेले वरिष्ठ अधिकारी लायटोलर यांनी सांगितले. चौकशीने अधिकाऱ्याची जबानी ग्राह्य धरली. पुढे 73 वर्षांनी, 1 सप्टेंबर 1985 रोजी, रॉबर्ट बॅलार्ड आणि ज्याँ-लुई मिशेल यांच्या तुकडीला सुमारे 3,800 मीटर खोलीवर तिचा सांगाडा सापडला. पुढचा भाग एकीकडे, मागचा सुमारे सहाशे मीटरांवर. पोराचे खरे ठरले. दुसरे उदाहरण याच्या उलट जाते. हिमनगाने तिच्या कुशीत तीनशे फुटांची सलग चीर पाडली, अशी लोकांची दृढ समजूत होती. पण बोट बांधणाऱ्या कंपनीचे एडवर्ड वाइल्डिंग यांनी पाणी किती वेळात कोठवर चढले यावरून गणित करून 1912 सालीच साक्ष दिली होती की, सर्व भेगांचे क्षेत्र मिळून बारा चौरस फुटांच्या आसपास असावे. 1996 साली ध्वनिलहरींनी गाळाखालचा भाग तपासला तेव्हा सापडल्या त्या थोड्या, बारीक, तुटक भेगाच. म्हणजे एकदा डोळ्यांनी पाहिलेले खरे ठरले, एकदा कागदावर मांडलेले. दोन्ही वेळा फैसला होऊ शकला, कारण कोण काय म्हणाले होते हे लिहून ठेवलेले होते.

‘रामदास’च्या वादाला ही सोय नाही. तो ज्या मुलखात चालतो तेथे दप्तर म्हणजे आठवण. आणि आठवणीचे दप्तर कसे असते, ते मी आमच्या बैठकीत समक्ष पाहिले आहे.

नानांच्या घरी परंपरेने सांगत आले की, बोट बुडाली तो शनिवार होता. आठवड्याचे काम संपवून माणसे घरी निघाली होती. सरांनी तेथल्या तेथे बोटांवर मोजले. 15 ऑगस्ट 1947 हा शुक्रवार, याविषयी कोणाची तक्रार नाही. त्याच्या 28 दिवस आधी पुन्हा शुक्रवार, म्हणजे 18 जुलै. मग 17 जुलै गुरुवार. “अहो नाना, शनिवार येतोच कोठून?” नाना थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, “सर, गिरणीच्या माणसाला घरी जायला मिळतं, तो त्याचा शनिवार.” यावर सर काही बोलले नाहीत, आणि मला वाटते, ते निरुत्तर झाले असे नसून, चूक कशी जन्मास येते याचे एक उत्तम स्पष्टीकरण त्यांना मिळाले. स्मृती वार विसरते. माणसे का निघाली होती ते विसरत नाही.

गटारीचे मात्र नेमके उलट झाले. 1947 साली आषाढ संपल्यावर अधिक श्रावण होता, निज श्रावण त्याच्या पुढे. तेव्हा श्रावणाआधीची म्हणून जी गटारी, ती जुलैच्या अमावास्येला कशी, असा सरांचा आक्षेप. नानांनी पंचांग काढले. चंद्राच्या तिथी दर 19 वर्षांनी बहुधा त्याच तारखांवर येऊन बसतात; 19 चौक 76, म्हणून 1947 चा चंद्र 2023 सालात पुन्हा उतरला, आणि त्या वर्षी 17 जुलैलाच आषाढी अमावास्या येऊन पुढे अधिक श्रावण लागला. “आठवा बघू, त्या साली लोकांनी गटारी केव्हा केली?” नानांनी विचारले. बाकावरच्या सर्वांना आठवत होते. पुष्कळांनी जुलैत केली, आणि धोरणी लोकांनी पुढच्या महिन्यातही केली. आक्षेप निकाली निघाला.

पंचांगाचा उपयोग एवढ्यावर थांबत नाही. कोकणात भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे: तिथीला पाऊणने गुणावे, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ तासांत मिळते. चतुर्दशीला साडेदहा, अमावास्येला सव्वाअकरा. या हिशेबाने 17 जुलैला सकाळी आठ ते नऊ या वेळात भरती ऐन जोरात चढत असली पाहिजे, आणि अमावास्येची म्हणून ती उधाणाची. पाण्याचा लोंढा समुद्राकडून बंदराच्या आत, नैऋत्येचा वाराही त्याच दिशेने आत, आणि दक्षिणेकडे चाललेल्या बोटीची उजवी कूस या दोघांच्याही समोर. वाचलेल्यांच्या सांगण्यात लाट उजवीकडून येते, माणसे डावीकडे पळतात. ज्यांना कोणी तिथी विचारली नव्हती त्यांची हकीकत तिथीच्या गणिताशी जुळते, हे पाहून त्या दिवशी सरांनी नानांना चहा पाजला.

तिसरा वाद कसुराचा, आणि तो सर्वांत कठीण. पावसाळ्यात कोकणच्या खुल्या किनाऱ्यावरची वाहतूक बंद राही. रेवसचा रस्ता बंदराच्या कुशीतला मानून चालू ठेवला जाई. मांडव्याच्या लाँचेस आजही पावसाळ्यात बंद असतात आणि भाऊच्या धक्क्यावरून रेवसची वाट बहुधा चालूच असते, यावरून ती समजूत किती जुनी आणि किती व्यवहारी आहे ते दिसेल. मग त्या सकाळी बोट सोडणाऱ्याला अविचारी म्हणावे, की रोजचे काम रोजच्याप्रमाणे करणारा म्हणावे? बिनतारी यंत्र नसणे हा कंपनीचा कंजूषपणा, की तेवढ्या प्रवासाला ते लागते असे कोणालाच न वाटण्याचा तो काळ? निवाडा देण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की, ही बोट परक्या साहेबाची नव्हती. गोऱ्या कंपन्यांच्या मनमानीला कंटाळलेल्या लोकांच्या भागभांडवलावर उभी राहिलेली ती स्वदेशी कंपनी. कोकणात तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत, आणि तिच्या बोटींना संतांची नावे असत. 11 नोव्हेंबर 1927 रोजी तिच्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या, तरी लोकांनी तिला टाकले नव्हते. जे आपले असते त्याच्यावर फिर्याद करताना जीभ अडखळते. वादाला तोंड उशिरा फुटले, त्याचे हेही एक कारण असावे.

आणखी एक कारण उघडच आहे. फाळणीच्या वार्तांनी आणि स्वातंत्र्याच्या सिद्धतेने त्या वर्षीचे जुलै-ऑगस्ट इतके व्यापले होते की, रेवसच्या खाडीतल्या प्रेतांसाठी वृत्तपत्रांत आणि राष्ट्राच्या मनात जागा थोडी होती. हे विस्मरण किती विषम, ते एका जुळणीवरून दिसेल. ‘रामदास’ 1936 साली बांधली ती इंग्लंडातल्या स्वॉन हंटर या गोदीत. आणि ‘टायटॅनिक’च्या वाचलेल्या सातशे माणसांना उचलून न्यूयॉर्कला नेणारी ‘कार्पेथिया’ही तेथलीच. एकाच गोदीतून निघालेल्या दोन बोटी. पैकी जिने दुसऱ्या बोटीची माणसे वाचवली तिच्यावर ग्रंथ लिहिले गेले, आणि जी आपल्या माणसांसकट गेली तिची तारीख सांगायलाही पंचांग काढावे लागते.

दप्तर नसले की जागा रिकामी राहते असे मात्र समजू नये. तेथे आख्यायिका राहायला येते. 8 नोव्हेंबर 1888 रोजी कच्छच्या मांडवीहून मुंबईकडे निघालेली ‘वैतरणा’ आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. नाव आपल्याकडच्या नदीचे, पण विजेच्या दिव्यांमुळे गुजराती लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. तिचा सांगाडा आजवर सापडला नाही, एकही साक्षीदार वाचला नाही. सातशे चाळीसच्या वर माणसे गेली असे नोंदींवरून दिसते. लोकगीतांतून आणि तोंडी परंपरेतून हा आकडा तेराशेवर गेला, आणि कप्तान हाजी कासम हा माणूस न राहता कथानायक झाला. लोकांचा शोक खराच होता. पण त्या शोकातून संख्या वेगळी काढणे आज शक्य राहिलेले नाही.

कोणी म्हणेल की, विश्रामबागेच्या बाकावर बसून या उठाठेवी कशासाठी? त्याला माझे उत्तर असे की, समुद्र या वस्तीच्या दाराशी नसला तरी तिच्या पाटीवर आहे. 1947 साली, म्हणजे ‘रामदास’ बुडाली त्याच वर्षी, धोंडूमामा साठे यांनी सांगलीत नवे अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. 1955 साली त्याला वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले, आणि आज विश्रामबाग म्हटले की बाहेरच्या माणसाला प्रथम तेच आठवते. हे वालचंद म्हणजे ज्यांच्या सिंधिया कंपनीची ‘लॉयल्टी’ 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाली आणि ज्या दिवसाला आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून मानतो, ते. त्याच 1919 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले. इकडे वर्ग भरू लागले आणि तिकडे देशी मालकीची आगबोट साता समुद्रांवर निघाली, ती एकाच वर्षी.

आणि नुसत्या पाटीचाच संबंध आहे असेही नाही. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे पुरातून सुटकेसाठी निघालेली होडी उलटली. खच्चून भरलेली होडी, कडेला रेललेली माणसे, अडथळ्याला लागलेला एक धक्का. सरांची परात आम्हांला तेव्हा आठवली, आणि त्या संध्याकाळी बाकावर कोणी वाद घातला नाही. तेथल्या मृतांची संख्याही पहिले दोनतीन दिवस बातमीगणिक बदलत होती. पुढे ती स्थिर झाली, कारण गावाला आपली माणसे नावांनिशी ठाऊक होती.

हौशी लोकांच्या या वादांना रिकामटेकडेपणा म्हणण्याची रीत आहे. मला तसे वाटत नाही. बुडालेल्या बोटीविषयी पुराव्याने भांडणारा माणूस, आपल्याला नकळत, राहून गेलेले एक काम करत असतो: ज्यांच्या तिकिटावर नाव नव्हते त्यांची नोंद रुजू करण्याचे. मात्र ते काम फळावे अशी इच्छा असेल तर पाहिलेले, ऐकलेले आणि ताडून पाहिलेले यांची सरमिसळ होऊ देता कामा नये. नाहीतर ‘रामदास’चीही ‘वीजळी’ व्हायला वेळ लागणार नाही.

गेल्या पावसाळ्यात सरांनी शाळेच्या मुलांची असते तशी एक दोनशेपानी वही आणली आणि तिच्यात तीन रकाने आखले. ‘ऐकलेले’ या रकान्यात पहिली नोंद शनिवारची झाली. ‘ताडलेले’ या रकान्यात तिच्यासमोर गुरुवार. मग सरांनी विचारले, “नाना, तुमच्या आळीतले किती?”

“चार घरं.”

“घरं नकोत. माणसं सांगा.”

नानांनी डोळे मिटून मोजले. “लेकरं धरून सात.”

“नावं?”

तीन नावे नानांनी चटकन सांगितली; ती सर्व पुरुषांची होती. चौथ्याशी ते थबकले. नावाच्या ओळीवर लेखणी टेकवून सर वाट पाहत राहिले. “थोरल्या घरची सून,” अखेर नाना म्हणाले. “तिला सगळे तसंच म्हणायचे. आणि तिचं तान्हं. बारसं व्हायचं होतं, म्हणून तर ती निघाली होती.”

सरांनी ते जसेच्या तसे लिहून घेतले, क्रमांक चार आणि क्रमांक पाच. आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, पुरावा मागितला नाही.